एका सहीपुरती डॉक्टर

१९९८ साली पदार्थविज्ञानातली पीएच.डी. घेऊन मी पुण्याहून रत्नागिरीला परत आले, तेव्हा आमच्या आळीची घोर निराशा झाली. मी डॉक्टर होते, पण माझ्याकडे तापावरची गोळी नव्हती. माझा विषय प्रकाशशास्त्र होता, पण मला कुणाच्या चष्म्याचा नंबर काढता येत नव्हता. शेजारच्या खालाने, म्हणजे सगळ्या आळीच्या मावशीने, पहिल्याच आठवड्यात आपला चष्मा माझ्या हातात दिला आणि मी तो उलटसुलट करून तसाच परत केला. खालाचा नवरा बोटीवर होता, दोन्ही मुलगे मस्कतला. घरात बोलायला कुणी नसल्यामुळे तिचं सगळं बोलणं आमच्या वाट्याला यायचं.

“काय गो, इतकी वरसं पुण्यास ऱ्हायलीस न् नंबर पन नाय काढता येत? मग काडलंस काय तिथं?”

“दिवस काढले, खाला.”

“ते तर आमी हितं बसून पन काडले,” ती म्हणाली आणि चष्मा पदराने पुसत घरी गेली.

मला राग पटकन येतो. त्या दिवसांत तर तो नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असायचा. खालावर नव्हे, खाला बोलायची ते खोटं नव्हतं. प्रकाशशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस पुढे नेमकं काय करतो, हे मला एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. आता विचारत होते आणि उत्तर येत नव्हतं. सरकारी प्रयोगशाळांच्या जाहिराती यायच्या, अर्ज जायचे आणि पुढे सगळं शांत. कॉलेजात तासिकेवर शिकवायला मिळत होतं, तेही जूनमध्ये बोलावून मार्चमध्ये विसरून जाण्यासाठी. परदेशातल्या एका प्राध्यापकाने मला आनंदाने ये म्हणून कळवलं आणि महिन्याभरात, निधी आटला, येऊ नकोस, असंही कळवलं. माझ्याबरोबरची मुलं एकामागून एक संगणकाच्या कोर्सना बसली. साल दोन हजार उजाडलं की जगातले संगणक गोंधळणार होते म्हणे आणि ते निस्तरायला माणसं हवी होती. प्रकाश कसा वागतो हे ठाऊक असलेली नकोत, नुसती माणसं हवीत. एक मैत्रीण तेवढी अमेरिकेत फायबरच्या कंपनीत लागली. सायबर कॅफेत बसून मी तिची पत्रं वाचायचे. इथे ऑप्टिक्सवाल्यांना रस्त्यावरून उचलून नोकऱ्या देतात, असं तिने लिहिलं होतं. आमच्या रस्त्यावरून सकाळी मिरकरवाड्याच्या मासळी बंदराकडे बर्फाचे टेंपो जायचे. मला कुणी उचललं नाही.

बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आमचं गाव आत लांज्याच्या बाजूला. तिथून येऊन त्यांनी रत्नागिरीत घर केलं आणि मला मागेन तेवढं शिकवलं. शिकवताना कधी कुरकुरले नाहीत. पण आता ते डेपोतून आले की हातपाय धुऊन समोर बसायचे आणि एकच विचारायचे.

“शिकलंस ता चांगलाच झाला. पन आता नोकरी मिळंल का नाय, ता सांग.”

“मिळेल, बाबा. ऑप्टिक्समध्येच मिळेल.”

“नि नाय मिळाली तर?”

“तर मिळेपर्यंत शोधीन.”

हे मी मोठ्या तोऱ्यात म्हणायचे, पण आतून घाबरलेली असायचे. तरी माघार घ्यायची नाही हे पक्कं होतं. त्याचं कारण अगदी साधं होतं. एम.एस्सी.ला असताना प्रयोगशाळेत एका काचेवर दुसरी काच ठेवून वर पिवळा दिवा लावला आणि त्या दोन स्वच्छ काचांमध्ये काळ्या पट्ट्या उमटल्या. काचांवर काही नव्हतं, काचांमध्ये काही नव्हतं. केसाच्याही शंभराव्या हिश्शाहून बारीक उंचसखलपणा त्या पट्ट्यांनी डोळ्यांना दाखवला होता. मला त्या दिवशी जो आनंद झाला तो नंतर कशाने झाला नाही. तो सोडून मी वाय टू केचं कंत्राटी काम करणार नव्हते.

आणि मग नोकरी मिळाली, तीही रत्नागिरीत. एमआयडीसीत आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याच्या मागे एक लहानसं युनिट होतं. तिथे उपकरणांना लागणाऱ्या सपाट काचा बनत. काचा बनवायला कुणी कोकणात येतं का, असं कुणीही विचारेल. इथली दमट हवा काचेची वैरीण; पावसाळ्यात कपाटातल्या भिंगांवर बुरशीची जाळी धरते. पण मालक मुंबईच्या एका कारखान्यात उभी हयात काच पॉलिश करून गावाकडे परत आलेले. परत आलेला माणूस आपल्याला येतं तेच करतो. कामगार त्यांना मोठे शेठ म्हणत आणि व्यवहार बघणाऱ्या त्यांच्या मुलाला धाकटे शेठ.

मुलाखत धाकट्या शेठनी घेतली. माझा प्रबंध मी बरोबर नेला होता. तो त्यांनी उचलून वजन बघितल्यासारखं केलं आणि बाजूला ठेवला.

“मॅडम, तुमच्या नावापुढे डॉक्टर लिहिता येतं ना? कायदेशीर?”

“येतं.”

“मग झालं तर.”

नंतर त्यांनी सगळं सांगितलं. दक्षिणेतली एक मोठी कंपनी त्यांचं गिऱ्हाईक होती. तिने लेसरवर तपासून घेणारं नवं यंत्र आणलं आणि तेव्हापासून युनिटचा माल परत यायला लागला. दोन लॉट परत आले होते. तिसऱ्याबरोबर कंपनीला तपासणीचं सर्टिफिकेट हवं होतं, विषयातल्या जाणकाराच्या सहीचं. तिसराही परत आला असता तर ते गिऱ्हाईक गेलं असतं, आणि ते गेलं की युनिटमध्ये फारसं काही उरत नव्हतं. मी तूर्त हंगामी. लॉट पास झाला की पक्की.

मी घरी येऊन नोकरी लागल्याचं सांगितलं. एका सहीसाठी घेतलंय, हे सांगितलं नाही.

काम मात्र मी सहीपुरतं केलं नाही. सकाळी आठाला जायचे. डांबराच्या थरावर काचा बसवायच्या, गुलाबी पावडर पाण्यात कालवून तासन्‌तास पॉलिश चालायचं, मधेच वीज जायची. कोयनेची वीज आमच्याच जिल्ह्यात, पोफळीला तयार होते आणि आमच्याच यंत्रांना मिळत नाही, यावरून मी रोज एकदा तरी चिडायचे. मोठे शेठ हसायचे.

“पुणेकरीण, चिडून वीज येते काय? तोवर पाणी पी.”

मला ते सुरुवातीपासून पुणेकरीण म्हणत. मी लांज्याची, हे सांगून उपयोग झाला नाही. माणूस सत्तरी ओलांडलेला, बोटं जाड आणि पांढुरकी, पण काचेला हात लावला की ती बोटं बाळंतिणीच्या खोलीतल्या सुईणीसारखी हळुवार व्हायची. मला ते आवडायचे. खरं तर त्या युनिटमध्ये मला सगळंच आवडायला लागलं होतं.

मोठ्या शेठचा जीव होता मास्टर प्लेटवर. ती म्हणजे तळहाताएवढी, जाड, गोल, अचूक सपाट काच. निवृत्त होताना मुंबईच्या मालकांनी त्यांना भेट दिलेली. सागवानी पेटीत, मखमलीत ठेवलेली असायची आणि पेटीची किल्ली त्यांच्या जानव्याला. तयार झालेली प्रत्येक काच त्या प्लेटवर ठेवायची, पिवळा दिवा लावायचा आणि पट्ट्या बघायच्या. पट्ट्या सरळ आल्या तर काच सपाट. वाकल्या, गोल फिरल्या, तर काचेत खड्डा किंवा फुगवटा. गोल फिरलेल्या पट्ट्यांना कामगार रिंगा म्हणत. रिंगा आल्या की काच पुन्हा पॉलिशला. परत आलेल्या दोन्ही लॉटमधल्या काचा मी स्वतः त्या प्लेटवर ठेवून बघितल्या. सगळ्यांच्या पट्ट्या आखल्यासारख्या सरळ. मोठे शेठ म्हणाले, त्यांचं ते लेसरचं यंत्रच बिघडलेलं असणार. मलाही तसंच वाटलं.

खंडेनवमीला युनिटमध्ये पूजा असायची. यंत्रं धुऊन पुसून त्यांना झेंडूच्या माळा, दारावर आंब्याचा टाळा, नारळ. हत्यारांची पूजा, त्यामुळे मधोमध चौरंगावर मास्टर प्लेट. मोठे शेठ मला म्हणाले, “पुणेकरीण, यंदा तू लाव कुंकू. लक्ष्मी आहे ती इथली.” मी हळदीकुंकवाचं ओलं बोट प्लेटच्या मध्यावर टेकवलं. मला भरून आलं. बाहेरच्या जगात कुणाला नको असलेलं माझं शास्त्र इथे चौरंगावर बसलं होतं.

दसरा झाल्यावर कामाला सुरुवात झाली तेव्हा मोठ्या शेठनी प्लेट उतरवून घेतली. दोन दिवस राहिलेल्या ओल्या कुंकवाचा लालसर डाग काचेवर धरला होता. त्यांनी बोटाला नमद्याचा, जाड लोकरी कापडाचा, तुकडा गुंडाळला, त्यावर चिमूटभर गुलाबी पावडर आणि पाण्याचा थेंब घेतला, आणि डागावर बोट गोल गोल फिरवायला लागले. घाई नाही. ओठांवर काहीतरी स्तोत्र. डाग गेला तरी अजून थोडं, समाधान होईपर्यंत.

“दर वर्षी असंच करावं लागतं,” ते म्हणाले. “युनिट काढलं तेव्हापासून. पण कुणाला हात नाही लावू देत हो मी. हे माझं काम.”

मी शेजारी उभी राहून बघत होते, आणि मला ते दृश्य फार सुंदर वाटलं. डॉक्टरेट होती माझ्याकडे. तरीही बोट कुठे फिरतंय याचा विचार मनात आला नाही.

तिसरा लॉट दिवाळीच्या तोंडावर तयार झाला. सगळ्या काचा मास्टरवर तपासून झाल्या, सर्टिफिकेटं टाइप होऊन आली, खाली माझं नाव, नावापुढे डॉक्टर. सही तेवढी बाकी. त्याच सुमारास खालाच्या थोरल्या मुलाने मस्कतच्या एका भारतीय शाळेत माझ्यासाठी शब्द टाकला होता. विज्ञान शिकवायचं, राहायला जागा, वर्षातून एकदा तिकीट. शाळेला दिवाळीच्या आत हो किंवा नाही हवं होतं. बाबांचा जीव त्या शाळेत अडकला होता. मी खालाला म्हटलं, थांब, लॉट जाऊ दे, मग नाही म्हणून कळव. इतकी माझी खात्री होती.

सही करायच्या आदल्या दिवशी मोठे शेठ एका लग्नाला गावी गेले होते, आणि पेटीची किल्ली अर्थातच त्यांच्याबरोबर. मला हातात काम नव्हतं. नुसतं बसणं मला जमत नाही. पॅक व्हायच्या काचांमधल्या दोन घेतल्या आणि सहज एकीवर एक ठेवून दिव्याखाली धरल्या.

रिंगा आल्या.

हाताच्या उबेने काच फुगते, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी त्या तशाच ठेवून चहा पिऊन आले. रिंगा होत्या. जोडी बदलली, रिंगा. आणखी एक जोडी, रिंगा, त्याच मापाच्या. कडेला बोटाने दाबलं की रिंगांचा मध्य बोटाच्या दिशेने सरकत होता, म्हणजे मध्ये फुगवटा. प्रत्येक काचेत सारखाच फुगवटा, आणि त्या सगळ्या काचा मास्टरवर मात्र सरळ पट्ट्या दाखवणाऱ्या. टोपावर झाकण फट न ठेवता बसलं म्हणून झाकण सपाट आहे असं ठरत नाही. दोन काचा एकमेकींना किती जुळतात एवढंच त्या पट्ट्या सांगतात. काच मध्ये फुगीर असेल आणि तरी मास्टरला जुळत असेल, तर मास्टर मध्ये खोलगट असणार.

मुंबईहून अचूक सपाट आलेली प्लेट मध्येच खोलगट कशी होईल? हे मला तिथल्या तिथे कळलं. मी स्टुलावर बसले. दर दसऱ्याला मोठ्या शेठचं पावडर लावलेलं बोट, डाग गेल्यानंतरही अजून थोडं. आधी तो खळगा इतका उथळ असणार की जुन्या गिऱ्हाइकांना त्याने फरक पडला नसेल. मग एकावर एक दसरे होत गेले आणि तिकडे लेसरचं यंत्र आलं.

संध्याकाळी मी धाकट्या शेठना दिव्याखाली नेऊन दाखवलं. माणूस हुशार, अर्ध्यातच समजले. त्यांनी दार लोटून घेतलं.

“आपल्या मास्टरप्रमाणे तरी सरळ आहेत ना?”

“आहेत. पण मास्टर चुकीची आहे.”

“मॅडम, सर्टिफिकेटवर तेवढंच आहे. मास्टरप्रमाणे तपासलं.”

“सर्टिफिकेटवर काच सपाट आहे असंही आहे. ती नाहीये.”

“त्यांच्याकडे डॉक्टरच्या सहीनंतर कुणी मशीनवर ठेवत नाही म्हणतात. एवढा लॉट जाऊ दे. मग बघू काय करायचं ते.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि वडिलांना यातलं काही कळता कामा नये. त्या प्लेटवर ते जगतात.”

शेवटचं वाक्य ऐकून मला त्यांची दया आली. ते वाईट नव्हते. पण मला एकदम असं वाटलं की माझा प्रबंध त्यांनी खरोखरच वजन करून विकत घेतलाय आणि आता माल ताब्यात मागताहेत. माझं डोकं फिरलं.

“सही तुम्हीच करा की मग. नावापुढे डॉक्टर लावा, कोण विचारतंय?”

“मॅडम, सही नसेल तर तुम्हाला ठेवून मी काय करू?”

“तेच मीही विचारतेय. मला घेतलंत ते काच बघायला की काचेवर पांघरूण घालायला?”

उद्यापासून येऊ नका, एवढंच ते म्हणाले. टवके उडालेल्या काचांच्या खोक्यातून दोन काचा मी उचलल्या, त्यांच्यासमोर पिशवीत टाकल्या आणि निघाले. रिक्षाला हात न करता चालत आले, कारण रडू येत होतं.

घरी बाबांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्यापेक्षा त्यांचाच चेहरा उतरला.

“सही करायला काय गेला असता तुझा?”

“बाबा, ब्रेक लागत नसलेली गाडी तुम्ही सोडाल काय डेपोतून?”

“गाडीत मानसं असतात गो. काचेत कोन बसलाय?”

मी पिशवीतल्या काचा काढून कपाटात ठेवल्या. आई भाकऱ्या थापत होती. दुसऱ्या दिवशी खाला आली, मुलाचा फोन येणार म्हणाली, शाळेला काय सांगू विचारलं. मी म्हटलं, दोन दिवस दे. त्या दोन दिवसांत मी सही करून टाकायचं ठरवलं, मोडलं, पुन्हा ठरवलं. एक अक्षर गिरवायचं, बस. माझ्या विषयातली या गावात दुसरी नोकरी नव्हती, कदाचित सगळ्या राज्यात माझ्यासाठी नव्हती. पण दर वेळी हातात पेन घेतल्याची कल्पना केली की समोर त्या रिंगा दिसायच्या. मी त्या बघितल्या होत्या. न बघितल्यासारखं करायला जे लागतं ते माझ्यापाशी नव्हतं, आणि ते यावं असं मला वाटतही नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आईला सांगितलं, मस्कतला हो म्हणते. ती एवढंच म्हणाली, “तुझ्या मनात नसेल तर जाऊ नको.”

त्याच दुपारी घरासमोर रिक्षा थांबली. मोठे शेठ उतरले. छातीशी सागवानी पेटी धरलेली. बाबा दुपारपाळी नसल्यामुळे घरीच होते. त्यांनी लगबगीने खुर्ची पुसली. मोठे शेठ बसले नाहीत.

“सर्टिफिकेटांवर सही नाहीच,” ते मला म्हणाले. “धाकटा म्हणतो तू नोकरी सोडलीस. पॅकिंगवाला म्हणतो तू दिव्याशी बसून काहीतरी बघितलंस नि पांढरी पडलीस. काय बघितलंस?”

मी धाकट्या शेठचा शब्द मोडणार होते, आणि त्याहून वाईट म्हणजे या माणसाचं मन. तरी मागे सरायचं नाही असं ठरवलं. खिडक्या लावून घेतल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ट्यूबलाइटखाली माझ्या दोन टवके उडालेल्या काचा एकीवर एक ठेवल्या. ट्यूबच्या उजेडात पट्ट्या रंगीत येतात, पण येतात. मोठे शेठ वाकले. त्यांना एक नजर पुरली.

“फुगीर,” ते म्हणाले.

“हो. दोन्ही.”

त्यांनी पेटी उघडली. स्वतःच्या हाताने मास्टर काढली आणि त्यातल्या एका काचेवर ठेवली. सरळ पट्ट्या. दुसरीवर ठेवली. सरळ. खिडकीबाहेर खाला आईला काहीतरी विचारत होती. मोठ्या शेठचा उजवा हात टेबलावर होता आणि त्यांचं बोट ऑइलक्लॉथवर गोल गोल फिरत होतं. त्यांच्या ते लक्षात आलं आणि बोट थांबलं.

“मुंबईत ती खरी होती,” ते म्हणाले.

“हो, शेठ. तेव्हा खरी होती.”

“मीच.”

मला नाही म्हणावंसं वाटलं. म्हातारा माणूस, डोळ्यांत पाणी. पण नाही म्हणायचं असतं तर मी परवाच सही केली असती. “हो,” मी म्हटलं.

त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि खुर्चीवर बसले. आईने आत येऊन पाणी दिलं. अर्धं पिऊन ते म्हणाले, “दुसरी खरी आणायची कुठून आता?”

“आणायची नाही, करायची. तीन काचा घ्यायच्या आणि आळीपाळीने एकमेकींवर घासायच्या. पहिलीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, तिसरीवर पहिली. दोघी असल्या तर एक खोलगट नि एक फुगीर होऊन जुळून जातात, पत्ता लागत नाही. तिघी तशा जुळू शकत नाहीत. तिन्ही जोड्यांत सरळ पट्ट्या आल्या तर तिन्ही सपाटच असतात.”

“किती दिवस लागतील?”

“महिने लागतील. आणि हा लॉट सगळा पुन्हा पॉलिशला घ्यावा लागेल.”

बाबांना राहवलं नाही. ते पुढे झाले. “शेठ, पोर हट्टी हाय. मनावर घेव नका. मी समजावतो तिला, सही करंल ती.”

मोठे शेठ त्यांच्याकडे वळले. पहिल्यांदाच आवाज चढला. “तिला काही समजावू नका तुम्ही. सही करणारा मला बाजारात कुठेही मिळेल हो. न करणारी कुठे शोधत फिरू?”

मी खिडकी उघडली आणि खालाला म्हटलं, मस्कतला नाही म्हणून कळव. ती म्हणाली, “बघ हां गो, विचार कर.” मी म्हटलं, केला.

त्या तीन काचा व्हायला पुढचा पावसाळा तोंडावर आला. त्यांच्यावर तपासलेल्या लॉटच्या सर्टिफिकेटवर मी माझी पहिली सही केली आणि पुढे बरीच वर्षं करत राहिले. अमेरिकेतल्या मैत्रिणीची फायबरची कंपनी मधल्या काळात बुडाली, तेव्हा तिने लिहिलं की तुझंच बरं आहे. बरं होतंच. पण मला आठवते ती पहिली सकाळ. मी आठाच्या आधी पोचले, तर मोठे शेठ माझ्याही आधी येऊन बसलेले. समोर तीन कच्च्या काचा. मागे पेन्सिलीने एक, दोन, तीन लिहिलेलं. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं. त्यांनी पहिली धरली, मी दुसरी तिच्यावर ठेवली आणि आम्ही घासायला सुरुवात केली. तेवढ्यात फोनचा रिसीव्हर हातात, तळव्याने झाकलेला, असे धाकटे शेठ केबिनच्या दारात आले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

“बाबा, कंपनीचा फोन आहे. लॉट कुठाय विचारताहेत. काय सांगू त्यांना?”

मोठ्या शेठनी मान वर केली नाही.

“खरं सांग,” ते म्हणाले.